आधी हात, मग एक्स-रे: बडोद्यात ऑर्थोची पहिली पोस्टिंग करणाऱ्यांसाठी

एमबीबीएसमध्ये ऑर्थोपेडिक्सच्या वाट्याला दिवस फार थोडे येतात. परीक्षेत हा विषय सर्जरीच्या पोटात असतो, म्हणून बरेच जण पोस्टिंगचे आठवडे हजेरीपुरते काढतात. याचं मला वाईट वाटतं. पुढे तुम्ही कुठल्याही शाखेत गेलात तरी मुरगळलेला घोटा, धरलेली पाठ आणि न्हाणीघरात पडलेली आजी तुम्हाला चुकणार नाही. इंटर्नशिपमध्ये रात्री दोन वाजता कोपर सुजलेलं पोर समोर आलं, की वरिष्ठ येईपर्यंतचा अर्धा तास तुमच्याच हातात असतो.

बडोदा मेडिकल कॉलेज १९४९ सालचं. त्याला जोडलेल्या सर सयाजीराव जनरल हॉस्पिटलात, म्हणजे आपल्या एसएसजीत, हाडांचे रुग्ण शहरातून येतात, तसे छोटा उदेपूर, पंचमहाल आणि पार मध्य प्रदेशाच्या सीमेवरच्या गावांतूनही येतात. दांडिया बाजारात किंवा कारेलीबागेत वाढलेल्या मराठी मुलांना हे ठाऊक असतं. ऑल इंडिया कोट्यातून महाराष्ट्रातून आलेल्यांना नसतं. दोघांसाठीही लिहिते आहे.

या विषयात मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट एकच आहे: फिल्म हातात घेण्याआधी रुग्णाच्या हातापायाला हात लावा. एक्स-रेत हाड दिसतं. नस दबली आहे का, रक्त पुढे पोचतंय का, हे त्यात दिसत नाही. हाड काही तास थांबू शकतं, पण रक्त तुटलेला स्नायू थांबत नाही.

पोस्टिंग सुरू होण्याआधी

जाडजूड ऑर्थोचं पुस्तक लगेच उघडू नका. पहिल्या वर्षाची ॲनाटॉमी काढा, आणि तीही सगळी नको. कुठली नस कुठल्या हाडाला चिकटून जाते एवढंच बघा. ह्यूमरसच्या, म्हणजे दंडाच्या हाडाच्या, मानेला वळसा घालणारी ॲक्झिलरी नर्व्ह, त्याच हाडाच्या मधल्या भागात मागून जाणारी रेडियल, कोपराच्या आतल्या उंचवट्यामागची अल्नर, खुब्याच्या मागची सायाटिक, फिब्युलाच्या, म्हणजे पोटरीच्या बाहेरच्या हाडाच्या, मानेवरून जाणारी कॉमन पेरोनियल. प्रत्येकीची दहा सेकंदांत होणारी परीक्षा पाठ करा. मनगट वर उचलता येतं का, ही रेडियलची. अंगठा आणि तर्जनी यांची टोकं जुळवून गोल करता येतो का, ही मीडियनच्या अँटीरियर इंटरऑसियस फांदीची. बोटं फाकवता येतात का, ही अल्नरची. पाऊल वर ओढता येतं का, ही पेरोनियलची.

दुसरं म्हणजे फीमरचं, म्हणजे मांडीच्या हाडाचं, डोकं, मनगटातलं स्कॅफॉइड आणि घोट्यातलं टेलस यांचा रक्तपुरवठा. तिन्ही ठिकाणी रक्त आडवळणाने, बरंचसं उलट्या दिशेने येतं, म्हणून मधे हाड मोडलं की पलीकडचा तुकडा मरू शकतो. फीमरच्या मानेचं फ्रॅक्चर जुळायला इतकं हट्टी का असतं, हे या एका गोष्टीतून बरंचसं कळतं.

तिसरं, स्वतःच्या अंगावर हाडांचे उंचवटे शोधा. मनगटाच्या दोन्ही बाजूंच्या स्टायलॉइडवर बोटं ठेवा. अंगठ्याकडचा साधारण एक सेंटिमीटर पुढे, म्हणजे बोटांच्या बाजूला, लागेल. कॉलेस फ्रॅक्चरमध्ये, म्हणजे मनगटाजवळ अंगठ्याकडचं हाड मोडतं तेव्हा, हा फरक नाहीसा होतो. ॲब्रहॅम कॉलेसने हे फ्रॅक्चर १८१४ साली, म्हणजे एक्स-रे सापडण्याच्या ८१ वर्षं आधी, वर्णन केलं. डोळे आणि बोटं एवढंच त्याच्याजवळ होतं.

महाराष्ट्रातून आलेल्यांनी काही गुजराती शब्द पहिल्याच दिवशी शिकावेत: ढींचण म्हणजे गुडघा, थापो म्हणजे खुबा, कांडुं म्हणजे मनगट, पींडी म्हणजे पोटरी, सोजो म्हणजे सूज. ‘खाली चढे छे’ असं रुग्ण म्हणाला तर त्या भागाला मुंग्या येताहेत, बधिर होतोय. हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. आदिवासी पट्ट्यातल्या रुग्णांची बोली मात्र वेगळी असते. तिथे नातेवाइकांची किंवा वॉर्डातल्या मावशींची मदत घ्या, अर्धवट समजून पुढे जाऊ नका.

इतिहास विचारताना

कसा पडला, किती उंचीवरून, कशावर पडला आणि त्या वेळी हात किंवा पाय कुठे होता, हे विचारा. यावरून फ्रॅक्चरचा अर्धा अंदाज येतो. क्षुल्लक कारणाने हाड मोडलं असेल तर ते आधीच आजारी होतं का, ही शंका मनात यायलाच हवी. मधल्या काळात काय उपचार केले, मालीश केली का, लेप लावला का, पट्टी कुणी बांधली, हे न रागावता विचारा. रागावलात तर खरं उत्तर मिळणार नाही. मकरपुऱ्याच्या कारखान्यातून बोटं चिरडून आलेल्या कामगाराला कुठल्या हाताने काम करतो हे विचारायला विसरू नका, त्याच्या पुढच्या आयुष्याचा हिशेब त्यावर असतो. आणि शेवटचं कधी खाल्लं, हेही विचारा. ऑपरेशन लागलं तर ॲनेस्थेशियावाले पहिलं हेच विचारतील.

तपासणी: इथे वेळ घाला

क्रम जुनाच आहे: बघा, चाचपा, हलवा, मोजा. सगळे तो म्हणून दाखवतात, करतात थोडे. दोन्ही हात किंवा दोन्ही पाय उघडे असल्याशिवाय सुरुवात करू नका. मात्र पडदा ओढा, बाकीचं अंग झाका, आणि स्त्री रुग्ण असेल तर सोबत नर्स हवीच. आधी चांगली बाजू तपासा, म्हणजे रुग्णाला तुमच्या हाताची खात्री पटते आणि तुम्हाला त्याचं ‘नॉर्मल’ कळतं. चाचपताना नजर रुग्णाच्या चेहऱ्यावर ठेवा. हलवताना आधी त्याला स्वतःहून हलवू द्या, मग तुम्ही हलवा.

मोडलेल्या हाडाची करकर ऐकण्यासाठी ते मुद्दाम हलवू नका. पुस्तकात ते लक्षण म्हणून दिलेलं असतं, पण त्याने निदानात काही भर पडत नाही आणि माणूस कळवळतो. कुणी करून दाखवायला सांगितलं तरी नम्रपणे ‘रुग्णाला दुखेल’ म्हणायला हरकत नाही.

आता कोपराचं उदाहरण जरा सविस्तर घेऊ, कारण एवढी एक केस नीट कळली तर ऑर्थोचा निम्मा स्वभाव कळतो.

पाच ते आठ वर्षांचं मूल हात पुढे टेकून पडतं आणि कोपराच्या लगेच वर ह्यूमरस मोडतं. हे सुप्राकॉन्डायलर फ्रॅक्चर. तिथलं हाड चपटं आणि पातळ असतं. सूज एवढी असते की फ्रॅक्चर आहे की सांधा निखळलाय हे बघून सांगता येत नाही. अशा वेळी तीन बिंदू शोधा: कोपराचे दोन्ही बाजूंचे उंचवटे आणि ओलेक्रेनॉनचं, म्हणजे कोपराच्या मागच्या हाडाचं, टोक. कोपर काटकोनात असताना त्यांचा त्रिकोण होतो, सरळ असताना एक रेष. सुप्राकॉन्डायलरमध्ये हे नातं शाबूत राहतं, सांधा निखळला की बिघडतं. मूल फार रडत असेल तर हे सोडून द्या, पण पुढचं सोडू नका.

रेडियल पल्स लागते का? बोटं गुलाबी आणि उबदार आहेत का? नख दाबून सोडल्यावर रंग दोन सेकंदांत परत येतो का? अंगठा-तर्जनीचा गोल जमतो का? हे सगळं वेळेसकट केसपेपरवर लिहा. प्लास्टर घातल्यावर पुन्हा तपासा, पुन्हा लिहा.

आणि मग ती परीक्षा, जिच्यावर त्या मुलाचा हात अवलंबून असतो. त्याची बोटं तुम्ही हळूच सरळ करा. त्याने दंडाखालच्या, हाताच्या पुढच्या भागात असह्य कळ आली, पट्टी घालूनही रडणं वाढतच गेलं, वेदनाशामक पुरेनासं झालं, तर तो कंपार्टमेंट सिंड्रोम, म्हणजे बंद कप्प्यात सुजलेल्या स्नायूचा दाब वाढून त्याचं रक्त तुटणं, समजा. पल्स लागते म्हणून निर्धास्त राहू नका. मोठ्या धमनीतला दाब पुष्कळ असतो, ती उशिरापर्यंत चालू राहते, आणि तोवर आतल्या बारीक वाहिन्या बंद पडून स्नायू मरायला लागलेला असतो. साधारण सहा तासांनंतरचं नुकसान बहुधा कायमचं. रिचर्ड फॉन फोल्कमनने १८८१ साली वर्णन केलेली ती आखडलेली, वळलेली बोटं एकदा बघितलीत की आयुष्यभर विसरणार नाही.

त्या वेळी तुम्ही काय करायचं? प्लास्टर, बँडेज, आतला कापूस, सगळं कातडी दिसेपर्यंत पूर्ण लांबीभर कापून मोकळं करा. नुसतं वरचं सैल करून भागत नाही. कोपर फार वाकवलेलं असेल तर थोडं सरळ करा. हात हृदयाच्या पातळीवर ठेवा, फार उंच टांगू नका. आणि लगेच, सकाळची वाट न बघता, वरिष्ठांना बोलवा. फॅसिओटॉमीचा, म्हणजे स्नायूवरचं आवरण कापून दाब मोकळा करण्याचा, निर्णय त्यांचा, पण तो वेळेत होणं तुमच्या फोनवर असतं.

इथेच हाडवैदांबद्दल बोलायला हवं. बडोद्यात ही परंपरा जुनी आहे आणि लोकांचा तिच्यावर जीव आहे. आखाड्यांच्या या शहरात मुरगळलेला पाय घेऊन आधी उस्तादांकडे जाणं, हे आपल्या कित्येक मराठी घरांतही चालत आलंय. रुग्णापुढे तिची टवाळी कधीच करू नका. पण दोन गोष्टी शांतपणे आणि ठामपणे सांगा. मुलाच्या कोपराला दुखापतीनंतर मालीश नको. त्याने सांध्याभोवती स्नायूत हाड तयार होऊन कोपर कायमचं अडकू शकतं. आणि पट्टी कुणीही बांधलेली असो, आमच्या प्लास्टर रूममधली का असेना, बोटं सुजली, काळीनिळी पडली, बधिर झाली तर ती तासाभरात सुटली पाहिजे.

एक्स-रे वाचताना

आधी नाव, तारीख आणि बाजू बघा. मग दोनाचा नियम: दोन दिशांनी काढलेले फोटो, वरचा आणि खालचा असे दोन सांधे, मुलांमध्ये शंका असेल तर दोन्ही बाजू, आणि गरज पडल्यास दोन वेळा. शेवटचं स्कॅफॉइडसाठी लक्षात ठेवा. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळग्यात दाबल्यावर दुखतंय आणि फिल्म स्वच्छ आहे, तरी आधार देऊन दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढतात.

वर्णन करताना हाड, त्याचा भाग, रेषेचा प्रकार, आणि मग तुकडा कुठे सरकलाय, या क्रमाने बोला. सरकणं नेहमी शरीरापासून दूरच्या तुकड्याचं सांगायचं. मुलांच्या कोपरात हाडांची केंद्रं ठरावीक वयाला दिसू लागतात: कॅपिटेलम, रेडियल हेड, आतला एपिकॉन्डाइल, ट्रॉक्लिया, ओलेक्रेनॉन, बाहेरचा एपिकॉन्डाइल, साधारण १, ३, ५, ७, ९ आणि ११ वर्षांना. हा क्रम पाठ नसेल तर निरोगी केंद्राला फ्रॅक्चर म्हणाल, नाहीतर सरकलेल्या तुकड्याला निरोगी म्हणाल.

प्लास्टर रूम

माझ्या मते पोस्टिंगमधली सगळ्यात श्रीमंत जागा ही. लेक्चर संपल्यावर इथे येऊन उभे राहा. प्लास्टर टेक्निशियनकडे वर्षानुवर्षांचा हात असतो. त्यांना दादा, काका, जे शोभेल ते म्हणा आणि कापूस गुंडाळण्यापासून शिकवा म्हणा.

प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्याशी मिळून घट्ट होताना उष्णता सोडतं. पाणी जितकं गरम, तितकं ते लवकर घट्ट होतं आणि तितकाच चटका बसण्याचा धोका वाढतो, म्हणून पाणी साधं किंवा कोमट घ्या. गुंडाळी बुडवल्यावर बुडबुडे थांबेपर्यंत थांबा, दोन्ही टोकं धरून हलके दाबा, पिळू नका. हाताच्या स्लॅबला, म्हणजे एकाच बाजूने आधार देणाऱ्या प्लास्टरला, आठ-दहा थर, पायाला बारा ते सोळा. हाडाच्या उंचवट्यांवर कापूस जास्त. ओलं असताना बोटांची टोकं रोवू नका, तळहाताने धरा, कारण बोटाचा खड्डा आतून कातडीला टोचत राहतो आणि तिथे जखम होते. हाताच्या प्लास्टरमध्ये बोटांची मुळं मोकळी राहिली पाहिजेत. ताज्या दुखापतीला पूर्ण गोल प्लास्टरऐवजी स्लॅब का घालतात, याचं उत्तर वर कोपराच्या गोष्टीत आलेलंच आहे: सूज वाढायला जागा हवी.

घरी जाणाऱ्या प्रत्येकाला सांगा: हात-पाय उंच ठेवा, बोटं हलवत राहा, भिजवू नका, आत काठी-सळई घालून खाजवू नका, आणि दुखणं वाढलं तर रात्र असली तरी या. हे त्यांच्या भाषेत सांगा आणि त्यांच्याकडून परत वदवून घ्या.

उत्तरायण आणि नवरात्र

बडोद्यात शिकताना हे दोन सण चुकवू नका, आणि मी हॉस्पिटलच्या बाजूने म्हणते आहे. १४ आणि १५ जानेवारीला ड्यूटी मागून घ्या. पतंगाच्या मागे धावताना गच्चीवरून पडलेली मुलं आणि मोठी माणसं येतात. मुलांची कोपरं आणि मनगटं. मोठा माणूस उंचावरून टाचांवर पडला असेल तर टाचेच्या हाडावर थांबू नका. तोच जोर वर चढत जातो, म्हणून दुसरी टाच, घोटे, गुडघे, खुबे, कंबर आणि पाठीचा कणा तपासल्याशिवाय तपासणी संपत नाही. कणा मोडल्याची शंका असेल तर रुग्णाला चौघांनी मिळून, मान-पाठ-कंबर एका रेषेत ठेवून वळवायचं. मांजाने कापलेली बोटं आली तर जखम लहान दिसली तरी प्रत्येक सांधा वेगवेगळा वाकवायला सांगा. कातडीवरच्या बारीक चिरेखाली टेंडन पूर्ण तुटलेला असू शकतो.

गरब्याच्या नऊ रात्री म्हणजे घोट्यांची शाळा. अनवाणी पाय, वेगाची गिरकी आणि पाऊल आत वळतं. सगळ्यांचे एक्स-रे काढायची गरज नसते. कॅनडातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडलेले ओटावा नियम इथे वापरून बघा: घोट्याच्या कुठल्याही बाजूच्या हाडाच्या मागच्या कडेला, खालच्या सहा सेंटिमीटरमध्ये किंवा टोकावर दाबून दुखणं, किंवा दुखापतीनंतर लगेच आणि आत्ताही चार पावलं टाकता न येणं. यातलं एक असेल तर घोट्याचा फोटो. पावलाच्या बाहेरच्या कडेला पाचव्या मेटाटार्सलच्या बुडाशी, किंवा आतल्या बाजूला नॅव्हिक्युलरवर दुखत असेल तर पावलाचा.

वॉर्डातल्या लांब केसेस

अपघाताच्या झगमगाटात या मागे पडतात, परीक्षेत मात्र बहुधा याच समोर येतात. खुबा नीट शिका. दोन्ही बाजूंचे एएसआयएस, म्हणजे कमरेच्या हाडाचे पुढचे उंचवटे, एका पातळीत आणा, दोन्ही पाय एकाच स्थितीत ठेवा, मग एएसआयएसपासून आतल्या घोट्यापर्यंत मोजा. चांगला पाय सरळ आणि आजारी पाय वाकलेला ठेवून मोजलंत तर आकडा खोटाच येणार. लपलेलं वाकणं थॉमस टेस्टने उघडं पडतं: निरोगी मांडी पोटाकडे वाकवली की कमरेचा बाक जातो आणि दुसरी मांडी किती वर उचलली गेली ते दिसतं. ह्यू ओवेन थॉमसचं नाव ज्या स्प्लिंटला आहे ती वॉर्डात अजूनही सापडते, तिची रिंग कुठे टेकते ते हाताने बघून घ्या.

खुबा दुखतोय असं सांगणारा तरुण पूर्व गुजरातच्या आदिवासी पट्ट्यातला असेल तर सिकलसेलची, म्हणजे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकण्याच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी झालीय का ते विचारा. त्या आजारात फीमरच्या डोक्याचा रक्तपुरवठा बंद पडून ते खचतं. हाडात पू झालेला असेल तर या रुग्णांत साल्मोनेला हा जंतूही डोक्यात असू द्या.

कण्याचा टीबी आपल्याकडे अजूनही भरपूर आहे. संध्याकाळचा ताप, उतरलेलं वजन, रात्री जास्त होणारी पाठदुखी. मुलाला जमिनीवरचं नाणं उचलायला सांगा. पाठ न वाकवता तो गुडघे-खुबे वाकवून खाली बसेल. पायांतली ताकद ठीक वाटली तरी रिफ्लेक्सेस तपासा. चाल थोडी अडखळणं आणि घोट्याचे झटके वाढणं हे लकव्याच्या आधी दिसतं, आणि तेव्हाच पकडलं तर माणूस चालता राहतो. या आजारात सरसकट सगळ्यांवर ऑपरेशन नको, आधी औषधं आणि गरज पडेल तिथेच शस्त्रक्रिया, ही मधली वाट वाराणसीच्या डॉ. तुलींनी दाखवली.

जन्मतः वळलेल्या पावलाचे, म्हणजे क्लबफूटचे, प्लास्टर ज्या दिवशी असतात तो दिवस विभागात विचारून ठेवा. इग्नासिओ पोन्सेटींची पद्धत: आठवड्याला एक प्लास्टर, बहुधा पाच-सहा, बऱ्याच बाळांना टाचेच्या टेंडनवर लहानसा छेद, आणि मग बूट. पहिले तीन महिने जवळजवळ चोवीस तास, पुढे चार वर्षांची होईपर्यंत झोपेत. पाऊल सरळ दिसायला लागलं की आईबाप बूट सोडतात आणि पाऊल पुन्हा वळतं. त्या आईशी दहा मिनिटं बोललात तर तुम्ही शिकाऊ असूनही उपचारात खरी भर घालाल.

ऑपरेशन थिएटर

एखाद-दोनदा जा, सी-आर्म, म्हणजे थिएटरमधलं एक्स-रे यंत्र, चालू असताना लेड ॲप्रन घाला, निळ्या-हिरव्या कापडाला हात लावू नका. पहिल्या पोस्टिंगमध्ये यापेक्षा जास्त वेळ तिथे घालवू नये असं मला वाटतं. मुलींना मात्र एक सांगायचं आहे. हे ताकदीचं काम, तुमचं नव्हे, असं कुणीतरी म्हणेलच. निखळलेला खुबा बसतो तो स्नायू सैल पडल्यामुळे आणि योग्य दिशेने ओढल्यामुळे. दिशा शिकता येते.

परीक्षेच्या दिवशी

खिशात मोजपट्टी, सांध्याचा कोन मोजणारं गोनिओमीटर, रिफ्लेक्स हॅमर आणि कातडीवर खुणा करायची पेन्सिल ठेवा. निदान सांगताना बाजू, जागा, कारण, किती काळाचं, नस आणि रक्तपुरवठ्याची स्थिती, आणि रुग्णाला त्यामुळे काय करता येत नाही, असं सगळं एका वाक्यात बांधा. उकिडवं बसता येत नाही, मांडी घालता येत नाही, शेतात वाकता येत नाही, हे परीक्षक आवर्जून ऐकतात. तपासून झाल्यावर रुग्णाचे कपडे नीट करा, पांघरूण घाला, आणि मगच परीक्षकांकडे वळा.